वापसीची केळी, मूठभर शेंगदाणे आणि मिक्सर : घरी स्मूदी कशी करायची, ‘हाय पॉवर’ यंत्र खरंच लागतं का?

रावेर / यावल : केळीची कटाई झाली की चांगला माल गाडीत जातो आणि डाग पडलेला, बारीक राहिलेला, वाकडा माल ‘वापसी’ म्हणून बाजूला निघतो. भाव बरा असेल तर वापसीही कोणीतरी नेतं. भाव पडला की ती बांधावर, नाहीतर गुरांपुढे. आणि त्याच घरातलं पोरगं शाळेतून येताना टपरीवरून थंड पेयाची बाटली घेऊन येतं. कोलासारख्या पेयात शंभर मिलिलिटरला साधारण दहा ग्रॅम साखर असते, म्हणजे दोनशे मिलीच्या बाटलीत चार चमचे. त्यापलीकडे पोटाला लागेल असं त्यात काही नसतं.

दुसरीकडे मोबाईलवर स्मूदीचे व्हिडिओ धो धो येत आहेत. उंच भांड्याचं चकाचक यंत्र, त्यात परदेशी बोरं, बदामाचं दूध, कसल्या कसल्या बिया. यंत्र १५०० वॅटचं, २००० वॅटचं. हप्त्यानेही मिळतं. बघणाऱ्याला वाटतं, हे आपलं काम नाही, किंवा मग वाटतं की हे यंत्र आणल्याशिवाय तब्येत सुधारणारच नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. जिल्ह्यातल्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती केळी घरात फुकट पडलेली असताना परदेशी बोरांची गरजच काय?

स्मूदी म्हणजे काय?

नाव इंग्रजी असलं तरी गोष्ट नवी नाही. शिकरणात केळं हाताने कुस्करतात, स्मूदीत ते यंत्राने एकजीव करतात, एवढाच फरक. मात्र दोन अटी आहेत. एक, साखर घालायची नाही. दोन, गाळायचं नाही. ज्यूस सेंटरवर रस गाळून देतात तेव्हा फळातला चोथा, म्हणजे तंतू, मागे राहतो आणि ग्लासात मुख्यतः गोड पाणी येतं. स्मूदीत फळ अख्खं पोटात जातं. म्हणून ती पोटभरीची होते आणि पोट साफ राहायलाही मदत करते.

शंभर ग्रॅम पिकल्या केळ्यातून साधारण ९० कॅलरी, अडीच ग्रॅम तंतू आणि साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम मिळतं. प्रथिनं मात्र जेमतेम एक ग्रॅम. नुसतं केळं-दूध-साखर फिरवून पोराला दिलं की तरतरी येते, पण अंग भरायला प्रथिनं लागतात. ती कमी आपण शेंगदाण्याने आणि दह्याने भरून काढू शकतो. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात.

रोजची साधी कृती अशी. दोन मध्यम पिकलेली केळी, एक वाटी दही, मूठभर भाजून सोललेले शेंगदाणे, अर्धा ग्लास पाणी, चवीला वेलची. दोन-तीन लेकरांना पुरतं. एवढ्यात मिळून १४-१५ ग्रॅम प्रथिनं आणि सव्वाचारशेच्या वर कॅलरी जातात. आंबट नको असेल तर दह्याऐवजी दूध घ्या. आयुर्वेदात दूध-केळी आणि दही-केळी दोन्ही विरुद्ध आहार मानतात. ते पाळणाऱ्या घरांनी दूध-दही बाजूला ठेवून भिजवलेले शेंगदाणे पाण्यात बारीक वाटावेत आणि त्या पांढऱ्या पाण्यात केळं फिरवावं. चव वेगळी लागते, पण पोरं पितात.

वापसीचा घड घरी आणला की तो कच्चाच असतो. फण्या वेगळ्या करून, धुऊन, कोरड्या पोत्यात किंवा डब्यात एक-दोन पिकलेल्या केळ्यांसोबत झाकून ठेवल्या की चार-सहा दिवसांत धरतात. कार्बाइडची पुडी ठेवायची नाही, त्याने फळ पिकवायला कायद्यानेच बंदी आहे. सालीवरचे काळे डाग आणि ओरखडे यांनी आतला गर खराब होत नाही. आत काळं, पाणीदार किंवा आंबूस वासाचं झालं असेल तर ते गुरांनाच. बागेत फवारणी झालेली असते, त्यामुळे सोलण्याआधी केळं धुवायचं. सालीवरचं औषध हाताला आणि हातावरून गराला लागतं.

यंत्र घ्यायचं तर किती वॅटचं?

आपल्या बहुतेक घरांत ५०० किंवा ७५० वॅटचा मिक्सर असतो. पिकलं केळं, पपई, आंबा, चिकू, दही, भिजवलेले शेंगदाणे एवढ्यासाठी ५०० वॅट पुरेसे आहेत. वरच्या कृतीसाठी नवीन काहीही घ्यायची गरज नाही, हे आधी लक्षात घ्या.

जास्त ताकदीचं ब्लेंडर, म्हणजे १२०० वॅटच्या वरचं, काही ठरावीक कामांनाच उपयोगी पडतं. पेरूच्या बिया, शेवग्याच्या पाल्याचे देठ, गोठवलेल्या केळ्याचे दगडासारखे तुकडे, बर्फ, शेंगदाण्याचं लोणी. अशा कामात लहान मिक्सर एक तर अडतो, नाहीतर खरबरीत काढतो. ब्लेंडरचं भांडं उंच असतं, त्यात पातळ पदार्थाचा भोवरा तयार होतो आणि वरचा माल आपोआप पात्यापाशी येतो. मिक्सरचं स्टीलचं भांडं कोरडा मसाला आणि ओलं वाटण यासाठी घडवलेलं असतं. मिरची-खोबऱ्याचं वाटण ब्लेंडरमध्ये टाकलं तर ते कडेला चिकटून बसतं आणि पाती नुसती फिरत राहतात. म्हणजे ब्लेंडर आला म्हणून मिक्सर माळ्यावर टाकता येत नाही.

भारतीय मिक्सरचा जन्मच वाटणातून झाला. १९६० च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याच्या घरचा परदेशी मिक्सर जळाला. आपल्या वाटणाचा भार त्याला झेपला नाही. त्यावरून त्यांनी इथल्या स्वयंपाकाला टिकेल असा मिक्सर बनवला, तो पुढे ‘सुमीत’ नावाने घराघरांत गेला. घरातल्या जुन्या मिक्सरला उगाच कमी लेखायला नको.

तरी घ्यायचंच असेल तर खोक्यावरच्या मोठ्या आकड्याकडे पाहू नका. तो आकडा बऱ्याचदा क्षणभरासाठी लागणाऱ्या कमाल ताकदीचा असतो. यंत्र उलटं करून तळाची पट्टी वाचा. तिथे व्होल्ट, वॅट आणि किती वेळ सलग चालवायचं ते लिहिलेलं असतं. घरगुती यंत्रं सलग चालण्यासाठी नसतात. काही मिनिटं चालू, मग विश्रांती, असा त्यांचा हिशेब असतो. भारतीय मानक ४२५० चा उल्लेख आणि आयएसआय खूण आहे का बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या कंपनीचं पातं, रबर आणि कपलर तालुक्याच्या ठिकाणी मिळतं का ते विचारा. ऑनलाइन स्वस्त मिळालेल्या यंत्राचं साधं रबर गेलं तरी अख्खं यंत्र भंगारात जातं.

विजेच्या बिलाची भीती मात्र अनाठायी आहे. १२०० वॅटचं यंत्र तीन मिनिटं चाललं तर ०.०६ युनिट लागतं. एका युनिटमध्ये सोळा वेळा स्मूदी होते. प्रश्न बिलाचा नाही, व्होल्टेजचा आहे. संध्याकाळी सगळ्या गावाचे दिवे लागले की बल्ब मंद होतात, पंखा रेंगाळतो. त्या वेळी यंत्र भरून चालवलं की मोटर मंद फिरते, तिला थंड ठेवणारा आतला पंखाही मंद होतो आणि वास यायला लागतो. जड काम सकाळीच उरकलेलं बरं. घरगुती इन्व्हर्टरवर १२०० वॅटचं यंत्र लावू नका, साधारण ८५० व्हीएचा इन्व्हर्टर तेवढा भार घेऊच शकत नाही. बारीक वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डावरही नको. तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग चालू असलेला सॉकेट हवा, कारण हात ओले असतात.

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. मिक्सर चालता चालता एकदम बंद पडला की ‘जळाला’ म्हणून तो तालुक्याला दुरुस्तीला जातो. बहुतेक मिक्सरच्या तळाला किंवा मागे एक लहान, बहुधा लाल बटण असतं. भार जास्त झाला की ते आपोआप बाहेर येतं आणि मोटर वाचते. प्लग काढा, भांड्यातला माल कमी करा, दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, बटण आत दाबा. यंत्र चालू होतं. नाहीच झालं, किंवा धूर-वास आला असेल, तर मग दुरुस्तीवाला.

भरायचं कसं

ब्लेंडर असेल तर तळाला पाणी किंवा दही, त्यावर मऊ फळ, सगळ्यात वर कडक वस्तू. साधा मिक्सर असेल तर क्रम उलटा. आधी शेंगदाण्याचा कूट करून घ्यायचा, मग फळ, मग पातळ. सगळं एकदम टाकलं तर दाणे पात्याला चुकवत अख्खेच फिरत राहतात. भांडं दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. फळ आधीच गोड असतं, त्यामुळे गूळ-साखर-मध काही नको. लेकरांना गोडाची सवय असेल तर पहिले आठ दिवस एखादा खजूर टाका, पुढे तो कमी करत जा.

गरम वरण, गरम सूप बंद भांड्यात कधीही फिरवू नका. आतली वाफ झाकण उडवते आणि उकळतं वरण तोंडावर, हातावर येतं. कोमट होऊ द्या, अर्धंच भांडं भरा.

उन्हाळ्यात जिल्ह्याचा पारा ४४-४५ वर जातो तेव्हा गोठवलेलं केळं कामाला येतं. पूर्ण पिकलेली, सालीवर ठिपके आलेली केळी सोलून, काप करून डब्यात फ्रीजरमध्ये ठेवायची. दुसऱ्या दिवशी तेच काप चमचाभर दुधासोबत जास्त ताकदीच्या ब्लेंडरमध्ये थांबत थांबत फिरवले की हुबेहूब आइस्क्रीम होतं. ना साखर, ना रंग. साध्या मिक्सरमध्ये हे काप थेट टाकले तर कपलर तुटतो, त्यामुळे पंधरा मिनिटं बाहेर ठेवून थोडं नरम होऊ द्यायचं. वीज बराच वेळ गेली आणि काप वितळून आंबूस झाले तर पुन्हा गोठवायचे नाहीत.

दुपारच्या उन्हातून शेतातून आलेल्या माणसाला गोड नको वाटतं. त्याच्यासाठी ज्वारीच्या कण्या शिजवून थंड करायच्या, त्यात ताक, जिरं, मीठ, लसणाची एक पाकळी, कोथिंबीर टाकून फिरवायचं. आपली आंबीलच ती. कण्या किंवा पीठ कच्चं घालायचं नाही, पोट बिघडतं. व्हिडिओत कच्चे ओट्स टाकताना दाखवतात ते आधी वाफवून चपटे केलेले असतात, आपलं गिरणीचं पीठ तसं नसतं.

पाल्याची स्मूदी करायची असेल तर शेवग्याचा कोवळा पाला मूठभर, दोन मिनिटं वाफवलेला, सोबत पिकलेला पेरू, लिंबू आणि पाणी. पाल्यातलं लोह अंगी लागायला पेरू-लिंबातलं क जीवनसत्त्व मदत करतं. साध्या मिक्सरवर पेरूच्या बिया राहतात, त्या गाळाव्याच लागतील, इथे गाळण्याला माफी. रोज कच्चा पालक पिण्याचं फॅड मात्र मुतखडा होऊन गेलेल्यांनी टाळावं, पालकात ऑक्झलेट जास्त असतं.

आणि एक सांगून ठेवायला हवं. ब्लेंडर आला म्हणून भरताची वांगी त्यात टाकू नका. भरीत बडगीत ठेचलेलंच. यंत्रात त्याची खळ होते.

शेंगदाण्याचं लोणी

दुकानात पीनट बटर म्हणून जे महाग मिळतं ते फक्त भाजलेले शेंगदाणे आणि चिमूटभर मीठ यांतून होतं. अर्धा किलो दाणे मंद आचेवर भाजायचे, सोलायचे, कोमट असतानाच फिरवायचे. आधी कूट होतो, मग गोळा होऊन कडेला चिकटतो. इथेच बहुतेक जण पाणी ओततात आणि काम बिघडतं. पाणी नको. अर्धा मिनिट चालवा, चमच्याने कडा खरवडा, दोन मिनिटं थांबा. असं आठ-दहा वेळा केलं की दाण्याचं तेल सुटतं आणि गोळा आपोआप ढिला होऊन गुळगुळीत होतो. ७५० वॅटच्या मिक्सरमध्येही होतं, फक्त घाई करायची नाही.

यात एक धोका आहे. काळे पडलेले, हिरवट बुरशीचे, सुरकुतलेले, कडू दाणे निवडून फेकलेच पाहिजेत. बुरशीपासून तयार होणारं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष यकृताला घातक आहे आणि ते भाजल्याने पूर्ण जात नाही. अख्खा दाणा खाताना कडू लागला तर आपण थुंकतो. यंत्रात एकदा वाटला गेला की कळतही नाही.

बचत गटाने असं लोणी किंवा दुसरा पदार्थ विकायचं ठरवलं तर एफएसएसएआय नोंदणी लागते, ती आधी करून घ्यावी. चार-पाच घरांनी मिळून एक ताकदीचं ब्लेंडर घेणं त्यातच परवडतं, एकट्या घराला ते बहुधा शोभेलाच राहतं.

दुधीचा रस : इथे थांबा

सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस पिणारे गावोगाव आहेत. दुधी कडू निघाला तर तो रस विष ठरू शकतो. काकडी-भोपळ्याच्या कुळात कुकर्बिटॅसिन नावाचे कडू घटक असतात. एरवी ते नगण्य असतात, पण एखाद्या फळात वाढतात. २०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने नंतर या प्रकारांचा अभ्यास केला. उलट्या, पोटात कळा, जुलाब, रक्ताची उलटी, रक्तदाब एकदम खाली येणं ही लक्षणं त्यात नोंदली आहेत. यावर उतारा असं औषध नाही.

म्हणून कापल्यावर प्रत्येक दुधीचा छोटा तुकडा चाखायचा. किंचित जरी कडू लागला तरी तो फेकायचा. लिंबू, मध, पुदिना टाकून कडूपणा झाकायचा नाही. ‘कडू तेवढं गुणकारी’ ही समजूत इथे जीव घेऊ शकते. पिताना कडू लागलं तर घोट थुंका, आणि पोटात गेल्यावर मळमळ-उलट्या सुरू झाल्या तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा.

कोणी जपून प्यावं

मधुमेह असलेल्या माणसाला केळीची मोठी स्मूदी चालणार नाही. फळ वाटलं की ते पटकन पोटात जातं, चावून खाताना एक केळं लागतं तिथे ग्लासात तीन कधी गेली ते कळत नाही. अर्धं केळं, जास्त दही, शेंगदाणे, तेही जेवणाऐवजी, जेवणावर नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल, डायलिसिस चालू असेल, तर केळं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच, त्यातलं पोटॅशियम रक्तात साठतं.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला आईचंच दूध. त्यानंतर मऊ घट्ट खिमट सुरू करायचं. मिक्सरने ते पाण्यासारखं पातळ करून बाटलीत भरून देणं चुकीचं आहे, पोट भरतं पण अन्न कमी जातं. चमच्यावरून सांडणार नाही इतकं घट्ट हवं. आठ-नऊ महिन्यांनंतर हळूहळू जाडसर करत जायचं, नाहीतर लेकरू चावायला शिकत नाही. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, मीठ-साखरही नाही. लहान मुलांना अख्खे शेंगदाणे घशात अडकतात, त्यांना वाटूनच द्यावेत.

दात गेलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी मात्र हे यंत्र खरं उपयोगाचं. भाकरी चावत नाही म्हणून आजी चहात बिस्किट बुडवून दिवस काढते, हे अनेक घरांतलं चित्र आहे. शिजवलेली डाळ, भाजी, भात आणि चमचाभर तूप एकत्र वाटून सरबरीत करून दिलं तर तेच घरचं जेवण तिला जातं. लकवा झालेल्या रुग्णाला गिळताना ठसका लागत असेल तर पातळ पदार्थ श्वासनलिकेत जाऊ शकतो. किती घट्ट द्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. नळीने अन्न द्यायचं असेल तर वाटल्यावर बारीक गाळणीने गाळलंच पाहिजे, नाहीतर नळी तुंबते.

भांडं धुण्यात आळस केला तर वरची सगळी मेहनत वाया जाते. दुधा-दह्याचा अंश पात्याखालच्या रबरात राहतो आणि आपल्याकडच्या उन्हात दोन तासांत आंबतो. काम झालं की लगेच भांड्यात कोमट पाणी आणि साबणाचा थेंब टाकून अर्धा मिनिट फिरवा, मग प्लग काढून रबर वेगळं करून धुवा, भांडं उपडं वाळत घाला. रबर काळं पडलं, चिकट झालं की बदलायचं. दुकानातून घेताना दोन जास्तीची घेऊन ठेवावीत, आणि बिल-वॉरंटी कार्डाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा, कारण त्या कागदावरची शाई वर्षभरात उडते.